सोबतीशिवाय

७ जानेवारी

ताई,

हे पत्र छापून टपालाने पाठवते आहे. कारण तांत्रिक आहे. मोबाईलवर निरोप पाठवला की तू तो उघडल्याबरोबर माझा फोन "वाचलं" असं सांगतो. पुढे काहीच सांगत नाही, आणि मग मी सारखी त्याला विचारत बसते. कागदाला ही सोय नाही. तू वाचलंस की फेकून दिलंस, मला कळणार नाही. कामात लक्ष लागायला ते बरं.

मजकूर मीच टाइप केला आहे आणि ऐकून तपासला आहे. पान तिरपं छापलं गेलं असेल तर दोष प्रिंटरचा.

तू गेल्यापासून माझं काय चाललं आहे, हे आईकडून कळत असेल, पण आईचं सांगणं तुला माहीत आहे. ती शेजारणीला सांगते, "धाकटी वजनकाट्यांच्या ऑफिसात आहे." जणू मी भाजी तोलते. म्हणून नीट सांगते. कारखान्यांच्या प्रयोगशाळांमध्ये नाजूक तराजू असतात. ते खरं बोलतात की नाही, हे आम्ही आमची प्रमाणित वजनं त्यांच्यावर ठेवून पाहतो आणि तसा दाखला देतो. आमच्याकडचं प्रत्येक माणूस या कामाला एकटं जातं. मी सोडून. माझ्यासाठी वेगळा नियम आहे : बरोबर एक डोळस माणूस हवं. मी वजन ठेवायचं, त्याने तराजूवरचा आकडा वाचायचा.

माझ्याबरोबर ज्याला पाठवतात त्याला सगळे जांभई म्हणतात. तो आकडा आणि जांभई एकदमच देतो, त्यामुळे शेवटचा अंक कायम लांबतो. स्वभावाने गरीब आहे. पण गेल्या वर्षभरात फोनचा कॅमेरा तराजूचा पडदा वाचून दाखवायला लागला आहे, आणि तो जांभया देत नाही. जांभई हल्ली कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसतो. मी काम करते, तो सोबत करतो.

म्हणून परवा मी आमच्या मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "मला एकटीला पाठवा."

मॅडमच्या पेनाचं टोपण उघडझाप करत होतं. "तुझ्या कामाबद्दल मला शंका नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या ग्राहकाने विचारलं, आकडा कोणी पाहिला, तर मी काय सांगू?"

"सांगा, कोणी पाहिला नाही. ऐकला."

त्या हसल्या नाहीत. पण त्यांनी मला एक काम द्यायचं कबूल केलं. औषधांच्या एका कारखान्यातला तराजू, जाणं-येणं धरून सगळं एकटीने. परत आल्यावर माझे आकडे त्या स्वतः तपासणार. जमलं, तर सोबतीचा नियम कायमचा जाईल. नाही जमलं, तर बाहेरचं काम बंद. ऑफिसातल्या टेबलावर बसायचं, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. तसं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं.

उत्तराची अपेक्षा नाही.

तुझी
धाकटी


२९ जानेवारी

ताई,

काम झालं नाही.

कसं झालं नाही ते क्रमाने लिहिते. प्रवास व्यवस्थित झाला. बस, मग टॅक्सी, मग फाटकापर्यंत काठी. फाटकावरचे पहारेकरी काका आवाजावरून वयस्कर आणि मनाने चांगले वाटले.

"बरोबर कोण आहे, बेटा?"

"कोणी नाही."

"अगं, म्हणजे सोडायला कोण आलंय?"

"टॅक्सीवाले. ते गेले."

काका जरा घोटाळले. मग म्हणाले, "बरं. मोबाईल इथे पेटीत ठेव. कॅमेरा आत चालत नाही. लॅपटॉप पण नाही."

मी तिथेच उभी राहिले. निघण्याआधी मी त्या कारखान्याला सगळं विचारलं होतं. टेबल दगडी आहे का, खोलीचं तापमान किती, वाऱ्याचा झोत कुठून येतो, शेजारी कुठलं यंत्र थरथरतं का. मोबाईल चालेल का, एवढंच विचारलं नव्हतं. सुचलंच नाही. माझ्या दृष्टीने तो मोबाईल नाहीच. चष्मा लावणारं माणूस कधी विचारतं का, तुमच्याकडे चष्मा चालतो का म्हणून?

काकांना मी सांगितलं की फोनशिवाय मला आकडा वाचता येत नाही. ते म्हणाले, "हात्तिच्या! एवढंच ना? आमचं कोणीतरी वाचून दाखवेल की. त्यात काय मोठंसं."

ते खरंच मोठं नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम उरकलं असतं. फक्त जांभईच्या जागी दुसरं कोणी असतं, आणि मी मॅडमला काय सांगितलं असतं? मी काकांचे आभार मानले आणि टॅक्सी परत बोलावली.

ऑफिसात जांभई म्हणाला, "अगं, मी आलो असतो तर झालं असतं ना."

"म्हणूनच तर नेलं नाही तुला."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी निवाडा असा दिला : काम सुरूच झालं नाही, तेव्हा मी नापासही झालेले नाही. पण तोच कारखाना, तेच फाटक आणि एकच संधी. फाटकातून पुन्हा परत आले, तर टेबल.

आई फोनवर म्हणाली, "एवढा अट्टाहास कशाला? सोबत असली तर काय बिघडतं?" बरोबर हेच वाक्य तू त्या दिवशी म्हणाली होतीस. मला वाचून दाखवत होतीस ते पुस्तक मिटून. मी "ताई, राहू दे, फोन लवकर वाचतो" म्हटल्यावर. माझं ते वाक्य मी अजूनही मागे घेत नाही. फोन लवकरच वाचतो. ते वेगाबद्दलचं विधान होतं. तू ते कशाबद्दलचं समजलीस, मला माहीत नाही, कारण नंतर तू बोललीच नाहीस. बदलीचा अर्ज भरलास. मी "जा" म्हटलं, तेही खरंच म्हटलं होतं.

असो.

धाकटी


२० फेब्रुवारी

ताई,

आई हल्ली चमत्कारिक प्रश्न विचारते. काल तिने विचारलं, "त्या तराजूला मागून वायर लावायची जागा असते का गं?" आईला टीव्हीची वायर कुठे जाते हे अजून माहीत नाही. तेव्हा हा प्रश्न तिचा नव्हे. मी कोणाचा आहे ते विचारलं नाही. उत्तर मात्र देते : असते.

प्रिंटर जोडायला प्रत्येक तराजूच्या मागे एक जागा असते. बटण दाबलं की तराजू त्या वायरीतून आकडा बाहेर सोडतो. कागदावर उमटायच्या ऐवजी तो आकडा कोणी मोठ्याने बोलला, तर कॅमेऱ्याची गरजच काय? म्हणून मी एक खोकं केलं आहे. साबणाच्या डबीएवढं. आत सर्किटची एक छोटी पाटी, छोटा स्पीकर, साधे सेल. कॅमेरा नाही, रेडिओ नाही, आतला आकडा बाहेर नेण्याची काही सोय नाही. आराखडा काढून कारखान्याच्या सुरक्षा विभागाला पाठवला. त्यांनी खोकं मागवून घेतलं, उघडलं, पाहिलं, आणि त्यावर मोहोर मारून परत दिलं. मोहोर मी बोटाने वाचली आहे. खोलगट आणि जरा वाकडी आहे.

सोल्डरिंग मीच केलं. कसं केलं, ते आईला सांगू नकोस.

आता आवाजाचा मुद्दा. एवढ्याशा पाटीत यंत्राचा बोलणारा आवाज मावत नाही. शून्य ते नऊ, दशांश चिन्ह आणि उणे एवढेच शब्द नोंदवून ठेवता येतात. आधी मी माझा आवाज वापरून पाहिला. चालला नाही. आपल्याच आवाजात आकडा ऐकला की वाटतं, हे आपणच मनात म्हणतोय. मग चूक पकडता येत नाही. दुसऱ्या कोणाचा तरी आवाज हवा. जांभईचा घ्यायचा तर प्रत्येक अंक लांबणार. आणि माझ्याकडे तुझ्या आवाजाच्या नोंदी होत्याच. माझ्या पदविकेची सगळी पुस्तकं तू वाचून दिलेली आहेत.

त्यात तुझी मतं फार आहेत, ताई. "आकृती चार. यात एक बाई उभी आहे. नाही नाही, बाई नाही, झडप आहे. पुढे." किंवा, "हे समीकरण मला कळलेलं नाही, तुला कळलं तर मला सांग, नाही कळलं तर दोघी मिळून नापास होऊ." यातून स्वच्छ अंक वेगळे काढायला बराच वेळ लागला. आठ चांगला मिळाला. उणे तापमानाच्या धड्यातून घेतला, तिथे तुला बहुतेक थंडी वाजत होती. सात मात्र एकच सापडला आणि त्याच्या शेवटी तुझा "हुश्श" आहे. तो कापायला हवा होता. खोक्यात जागा होती, म्हणून ठेवला.

दशांश चिन्हाला तू सगळीकडे "टिंब" म्हटलं आहेस. शिक्षकांनी ते ऐकलं असतं तर आपलं काही खरं नव्हतं. पण शब्द छोटा आहे आणि गोंगाटातही कळतो. तोच घेतला.

हे सगळं उपलब्ध सामग्रीच्या दृष्टीने केलं आहे. दुसरा अर्थ काढू नये.

परवा कारखान्यात जायचं आहे.

धाकटी


२४ फेब्रुवारी

ताई,

झालं.

सविस्तर लिहिते, कारण आईला सांगितलं तर ती फक्त "चांगलं झालं हो" एवढंच पुढे पोचवेल.

फाटकावर तेच काका होते. मी फोन स्वतःहून पेटीत टाकला. काकांनी खोक्यावरची मोहोर पाहिली, खोकं कानाशी धरून हलवलं आणि म्हणाले, "यात काय आहे गं? घुंगरू?" मी म्हटलं, "आकडे." त्यांनी आत सोडलं.

तराजूच्या खोलीत शिरताना बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्या लागतात. तिथे काम करणाऱ्या बाई माझी काठी न्याहाळत असाव्यात. त्या म्हणाल्या, "हिलाही एक लागेल ना?" आणि त्यांनी वाकून काठीच्या टोकाला पिशवी चढवून वर रबर लावलं. काठीचा आवाज एकदम मुका झाला. खोलीचा अंदाज घ्यायला मग मला टेबलाच्या कडेने हात फिरवत जावं लागलं. टेबल दगडी होतं. कारखान्याने पत्रात खरं लिहिलं होतं.

वजनांना उघडं बोट लावायचं नसतं. घामानेसुद्धा वजन बदलतं. म्हणजे मी ज्याने जग वाचते, नेमकं तेच इथे चालत नाही. हातमोजे, चिमटा, आणि पेटीतली घरं. कुठल्या घरात कुठलं वजन, हीच माझी लिपी. त्या पेटीत दोनशे ग्रॅमची वजनं दोन असतात, दिसायला अगदी एकसारखी. ओळखता यावं म्हणून एकाच्या डोक्यावर बारीक चांदणी कोरलेली असते. दोघांच्या खऱ्या वजनात केसाइतका फरक आहे, आणि दाखला देताना तोच फरक हिशेबात धरायचा असतो.

वायर जोडली, बटण दाबलं. खोलीत तुझा आवाज आला. "दोन शून्य शून्य टिंब शून्य शून्य शून्य पाच."

मागून कोणीतरी हसलं. त्यांच्या गुणवत्ता विभागाचे साहेब कधी आत आले होते, मला कळलं नव्हतं. "हे टिंब टिंब कोण म्हणतंय?"

"माझी मोठी बहीण."

"असं? त्याही तुमच्याच कंपनीत का?"

"नाही. ती दुसऱ्या शहरात असते."

"आवाज कडक आहे हो."

"हो," मी म्हटलं. पुढचं वजन ठेवलं. चांदणीवालं. ते जरा हलकं आहे. "एक नऊ नऊ टिंब नऊ नऊ नऊ सहा." आकडे मी पाटीवर कागद लावून टोचणीने ब्रेलमध्ये टिपत होते. साहेब थोडा वेळ थांबले आणि गेले.

मध्येच माझा एक हातमोजा फाटला. दुसरा घ्यायला मी दाराजवळच्या कपाटाशी गेले. परत येऊन दुसरी फेरी सुरू केली. पहिल्या घरातलं वजन ठेवलं, बटण दाबलं. तू म्हणालीस, "एक नऊ नऊ टिंब नऊ नऊ नऊ सहा."

मी हात मागे घेतला. हा आकडा इथे यायलाच नको होता. आधी वाटलं, तराजू सरकला. मग वाटलं, माझं खोकं चुकतं आहे. आणि खोकं चुकत असेल तर सगळंच संपलं. फाटकातून परत, आणि तिथून टेबल. शेवटी स्वतःला सांगितलं, अंदाज करू नकोस, माप घे. दुसऱ्या घरातलं, म्हणजे चांदणीवालं असायला हवं ते वजन ठेवलं. तू म्हणालीस, "दोन शून्य शून्य टिंब शून्य शून्य शून्य पाच."

तराजू बिघडला असता तर दोन्ही आकडे एकाच बाजूला सरकले असते. खोकं बिघडलं असतं तर काहीही बरळलं असतं. इथे दोन आकड्यांनी आपसात जागा बदलली होती. म्हणजे वजनांनीच बदलली होती.

"बाई," मी विचारलं, "मी कपाटाशी गेले तेव्हा वजनांना हात लावलात का?"

त्या म्हणाल्या, "अगं बाई! ती दोन घरात तिरकी बसली होती ना. म्हटलं, तुम्हाला उचलायला त्रास होईल, आपणच काढून नीट बसवून देऊ. हातमोजे घातलेत हो मी. चुकलं का काही?"

माझ्या मदतीला म्हणून त्यांनी माझी लिपीच पुसली होती. आणि त्यांचा हेतू इतका स्वच्छ होता की रागावता येईना.

"थांबा, कुठल्यावर चांदणी आहे ते बघून सांगते," त्या पुढे आल्या.

"नको," मी म्हटलं. "आधी मी सांगते. पहिल्या घरात जे आहे, त्याच्यावर चांदणी आहे. आता बघा."

त्या वाकल्या. त्यांच्या चष्म्याची दांडी टेबलाला लागल्याचा आवाज आला. "आहे!" त्या ओरडल्याच. "अहो, आहे! तुम्हाला कसं कळलं?"

"तिने सांगितलं," मी खोक्याकडे बोट दाखवलं.

वजनं आपापल्या घरी ठेवून मी ती फेरी पुन्हा पहिल्यापासून घेतली. पुढचं काम सरळ झालं. निघताना बाईंनी काठीची पिशवी काढून दिली आणि विचारलं, "तुमच्या बहिणीला सांगाल ना, आवाज फार छान आहे म्हणून?"

म्हणून सांगितलं.

धाकटी


१२ मार्च

ताई,

तुझी ध्वनिफीत मिळाली.

आधी मॅडमचं सांगते. त्यांनी माझे आकडे घेऊन तोच तराजू स्वतः जाऊन पुन्हा तपासला. परत आल्यावर सगळ्यांना खोलीत बोलावलं. मला वाटलं, काहीतरी चुकलं. त्या म्हणाल्या, "फरक नाही." टोपणाची उघडझाप झाली. "आजपासून हिच्या कामावर सोबत लिहायची नाही. दाखल्यावर सही हिची एकटीची." मग जरा थांबून, "आणि यापुढे ग्राहकाला सगळ्यांनीच विचारायचं, आत कुठल्या वस्तू चालत नाहीत. ही चूक आपल्यापैकी कोणाचीही होऊ शकते."

जांभई म्हणाला, "मग आता माझं काय?"

"तू झोप," मी म्हटलं. सगळे हसले. सगळ्यांत जास्त तोच हसला. नंतर त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, त्याच्यासाठीही एक खोकं होईल का. आकडे टिपताना मान वर-खाली करून त्याची मान दुखते. त्याचं करायला घेतलं आहे.

आता तुझ्या ध्वनिफितीबद्दल. शून्य ते नऊ स्वच्छ आहेत, उणे उत्तम. "दशांश चिन्ह" तू फार शिस्तीत म्हटलं आहेस. पण ते बोलायला टिंबाच्या तिप्पट वेळ जातो. टिंबच राहील. लोक हसतात असं तू म्हणतेस, तर हसू देत. हसले की ते माझ्या खांद्यावरून वाकून बघायचं विसरतात. जुना सात मी बदलणार नाही, त्याचं तांत्रिक कारण सध्या माझ्याकडे नाही.

अंक संपल्यावर तू रेकॉर्डिंग बंद करायला विसरलीस, की विसरली नाहीस, मला माहीत नाही. तू म्हणालीस, "तू फोन लवकर वाचतो म्हणालीस ना, तेव्हा मला राग नव्हता आला. सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं, याचाच मग राग आला." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आहे.

हे मी खोक्यात घातलेलं नाही. वेगळं ठेवलं आहे. रोज ऐकत नाही.

सुटल्यासारखं वाटणं ही चूक नव्हे. मीही त्याच दिवशी सुटले. फक्त दोघींनी एकमेकींना सांगितलं नाही. तू दोन वेळा बदली नाकारलीस ती माझ्यामुळे, हे मला तेव्हाही माहीत होतं. ते तुला फेडायचं काही यंत्र अजून कोणी केलेलं नाही. मीही करणार नाही.

शेवटचा मुद्दा. मॅडमनी पुढच्या महिन्यासाठी तीन ठिकाणं दिली होती आणि निवड माझ्यावर सोडली. मी तुझं शहर घेतलं. राहण्याची व्यवस्था कंपनीने केली आहे. गाडीतून उतरून मुक्कामाला कसं जायचं, मुक्कामाहून कारखान्यात कसं जायचं, ते मी पाहून ठेवलं आहे. संध्याकाळी काम संपलं की तुझ्याकडे जेवायला येईन. पाहुणी म्हणून. तेव्हा मला हाताला धरून खुर्चीत बसवायचं नाही. ताटात काय कुठे आहे, तेवढं सांगितलंस तर चालेल. उरलेला वेळ वादासाठी ठेव. माझ्याकडे पुष्कळ मुद्दे साठले आहेत.

स्टेशनवर न्यायला येऊ नकोस. कोपऱ्यावर उभी राहून लांबून बघूही नकोस. तू तसं करशील, म्हणून लिहिते. घरातच थांब. फक्त तुझ्या दाराची बेल कुठल्या बाजूला आहे, ते कळव.

नको, राहू दे. सापडेल मला.

तुझी
धाकटी